बाजाराच्या दिवशी सुटी घेणारा ढग

मला अपेक्षा होती विरोधाची. खरं सांगते, मी विरोधाची पूर्ण तयारी करून आले होते.

ढगांविषयी परदेशात शिकले, तिकडची बरी चाललेली नोकरी सोडली आणि आदिलाबादला परत आले, ती डोक्यात एक चित्र घेऊन. मी एका गावात आकाशाचा कॅमेरा बसवते आहे. लोक संशयाने बघताहेत. कुणीतरी ओरडतं, "आमच्या अंगणात डोकावायचं यंत्र आणलं हिनं!" आणि मी ओट्यावर उभी राहून त्यांना विज्ञान समजावते आहे. ते भाषण मी विमानात पाठ केलं होतं. शेवटच्या वाक्याला माझा आवाज जरा भरून यायचा होता.

आणि मिळालं काय? प्रेम! नुसतं प्रेम!

अहो, विरोध परवडला असता. विरोधाने फार तर कॅमेरा फुटला असता. प्रेमाने माझी जी फजिती केली ती आता चहा थंड व्हायच्या आत सांगून टाकते. हसायचं नाही असं वचन मी मागत नाही. आजवर कुणी ते पाळलेलं नाही.

तर कॅमेरा म्हणजे कसा, ते आधी सांगते. एक डबा, वर काचेचा फुगीर घुमट, आणि आत आकाशाकडे तोंड करून बसलेला कॅमेरा. ठरावीक वेळाने तो फोटो काढतो आणि अख्खं आकाश एका गोल ताटासारखं त्या फोटोत येतं. फोटो आपोआप माझ्या संगणकावर. ढग कुठून आला, किती पसरला, कुठे विरला, सगळं बसल्या जागी कळतं. 'बसल्या जागी' हे शब्द लक्षात ठेवा. तिथेच घोळ आहे.

असे दोन कॅमेरे मला माझ्या संशोधन संस्थेकडून मिळाले होते. एक बसवला आदिलाबादजवळच्या मावल्याला, आमच्याच घराच्या गच्चीवर. दुसरा तलमडुगू मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका गावात. गावाचं नाव सांगत नाही. का, ते कळेलच.

हेच गाव का? कारण तिथली कापूस-ज्वारी सगळी वरच्या पाण्यावर. कालवा नाही, धरण नाही. ज्यांचं सगळं वरच्यावर अवलंबून, त्यांच्याच वरचं आकाश कुणी कधी नीट पाहिलेलं नाही! हे मी तावातावाने सांगायची. संस्थेत सांगितलं, आईला सांगितलं, रिक्षावाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, बस स्टँड आ गया."

माझे वरिष्ठ, त्यांना आपण नुसतं सर म्हणू, ते मात्र सावध माणूस. म्हणाले, "अनघा, तुझी तळमळ दिसते मला. पण तळमळीचा आलेख काढता येत नाही. पावसाळ्याच्या आत तिथल्या आकाशात अभ्यासण्यासारखं काही दाखव. नाहीतर दोन्ही कॅमेरे मी किनाऱ्याकडच्या केंद्राला देऊन टाकेन. तिकडे ढगांना तोटा नाही."

झालं! माझं नाक कापलं जाणं एकवेळ चाललं असतं, पण माझं आकाश किनाऱ्यापुढे हरणार? मी मनाशी पक्कं केलं. दाखवीनच.

गावात कॅमेरा बसवला तो किसनकाका आणि रुक्माकाकूंच्या घरावर. बाबा तरुणपणी तिकडे नोकरीला असताना यांच्याच शेजारी राहायचे, त्यामुळे घरोबा. मी भाषणाची तयारी करून जिना चढले, तर काकू आरतीचं ताट घेऊन गच्चीवर आधीच हजर. कॅमेऱ्याला हळद-कुंकू लागलं. नारळ फुटला. त्या कॅमेऱ्याने घेतलेल्या पहिल्याच फोटोत अर्धं आकाश आणि अर्धं नारळाचं पाणी आहे. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत उत्तरेकडून एक लिंबू आणि काही मिरच्या आकाशात आलेल्या.

मी धावत गेले. "काकू, हे लिंबू काढा ना!"

"काऊन व? दृष्ट लागंन. लई रूप हाय तुह्या मशीनीले."

"दृष्ट नाही लागत काकू. फक्त काच जपा. धूळ बसू देऊ नका, ओरखडा येऊ देऊ नका." आणि मग, तोंडाला काय झालं होतं देव जाणे, मी भावनेच्या भरात म्हणाले, "घरातल्या तान्ह्या लेकरासारखी सांभाळा तिला."

काकूंनी लिंबू काढलं. माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, "तू नीचिंत ऱ्हाय माय."

आणि मी निश्चिंत राहिले! त्यांच्या शब्दाचा मान ठेवायचा म्हणून इतकी निश्चिंत राहिले, की पुढे मी गावात जायची ती सकाळी सकाळी, आणि ऊन चढायच्या आत मावल्याला परत. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत नसेल तर माहीत करून घेऊ नका.

होळी झाली आणि गंमत सुरू झाली.

एका दुपारी गावाच्या फोटोंत मला ढग दिसला. पातळ, पांढुरका, आकाशभर सारखा पसरलेला. म्हटलं, असेल. दुसऱ्या दुपारी पुन्हा. तिसऱ्या दुपारी पुन्हा! सकाळभर स्वच्छ निळं आकाश, मग बारा वाजून गेले की एकदम ढग, आणि ऊन कललं की एकदम गायब. आणि त्याच वेळी मावल्याच्या कॅमेऱ्यात? निळंशार. एक चिंधी ढग नाही.

म्हणजे बघा, फक्त त्या एका गावावर येणारा, ठरल्या वेळी येणारा, स्वतंत्र ढग!

मी खुर्चीवरून उठून नाचले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"काय झालं?"

"आई, ढग सापडला!"

"हरवला होता का?" म्हणाली आणि परत आत गेली.

आता तुम्ही म्हणाल, शास्त्रज्ञ आहेस, शंका नाही आली? आली ना! भरपूर आल्या. आणि प्रत्येक शंकेला मी इतकं सुंदर उत्तर शोधलं, की आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

ढगात बारीक बारीक लाटा दिसत होत्या, वाऱ्याबरोबर हलणाऱ्या. मी म्हटलं, डोंगररांगेवरून येणारी हवा अशाच लाटा करते. पश्चिमेच्या क्षितिजाला एक लालसर सरळ रेघ होती. मी लिहिलं, धुळीचा थर. दक्षिणेला एक गोल काळपट डाग होता. मी लिहिलं, काचेतलं प्रतिबिंब. उपग्रहाच्या चित्रात मात्र तो ढग कुठेच नव्हता. मी काय म्हणावं? मी म्हटलं, ढग फार पातळ आहे, उपग्रहाची नजर तितकी बारीक नाही.

उपग्रहाची नजर! मी बोलले हे!

आणखी एक. पक्षी-किडे आडवे आले की तो फोटो बाद करायचा, असा एक प्रोग्राम मी लिहिला होता. तो रोज दुपारी, ढग यायच्या अगदी आधी, एक फोटो बाद करायचा. शेरा: मोठा पक्षी. मी पक्षिप्रेमी मैत्रिणीला कळवून टाकलं, की आमच्याकडे भर दुपारी एक गरुड नेमाने येतो. ती सुटी काढून यायला निघाली होती.

पण खरा कळस पुढेच. तो ढग आठवड्यातून एक दिवस येत नसे. कोणत्या दिवशी? आठवडी बाजाराच्या दिवशी!

निसर्गाला वार कळत नाहीत, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकतो. वार फक्त माणसाला कळतात. म्हणजे या ढगात माणसाचा हात आहे! (होता हो. अक्षरशः होता.) मी चौकशी केली. बाजाराच्या दिवशी जवळची जिनिंग मिल बंद असते, मजूर बाजाराला जातात. बस! साखळी जुळली. जिनिंगमधून कापसाची बारीक धूळ उडते, तिच्यावर बाष्प जमतं, ढग होतो. मिल बंद, ढग बंद. मी त्याला नावसुद्धा दिलं. कापूसढग.

एवढं झाल्यावर एकदा खात्री करावी म्हणून मी काकूंना दुपारी फोन लावला. तेवढी अक्कल शिल्लक होती.

"काकू, वर ढग आहे ना?"

"ढग? कायचा ढग बाप्पा? ऊन पडून राह्यलं निस्तं. डोस्कं फुटंन असं."

मी हसले. समजूतदारपणे, वरून खाली हसतात तशी हसले. "काकू, तो फार पातळ असतो. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नसतो."

"बरं माय. तू शिकेल हाय." मग म्हणाल्या, "तुह्या मशीनीची काळजी नोको करू. दुपारचं तिले काई होऊ देत नाई आमी."

"थँक्यू काकू!" म्हणून मी फोन ठेवला.

विचारलं का, की दुपारी म्हणजे नेमकं काय करता? छे! मला आलेख काढायचा होता ना.

सरांना सगळं पाठवलं. सरांसारखा सावध माणूस, पण आठवडी बाजाराची गोष्ट वाचून तोही घसरला. "अनघा, हे खरं असेल तर मोठं आहे," म्हणाले. "मी स्वतः येतो. समोर बघायचंय मला." आणि त्यांनी ते फोटो आणखी चार मोठ्या लोकांना पाठवून दिले. मीही पाठवले. थांबते कशाला!

इकडे गावात बातमी फुटली. कुणी फोडली? मीच. किसनकाकांना सांगितलं, त्यांनी सरपंचांना सांगितलं, आणि सरपंचांनी त्याचा कारभार हातात घेतला.

आधी सगळे दुपारी वर बघायचे आणि म्हणायचे, काही दिसत नाही. मग सरपंच एक दिवस डोळे बारीक करून म्हणाले, "मले दिस्ते. थोडाथोडा दिस्ते." त्यानंतर गावात कुणाला न दिसण्याची सोय उरली नाही. तेलुगू शाळेतले मास्तर मुलांना शिकवू लागले, "मा ऊरि मब्बु." आमच्या गावचा ढग!

शेजारच्या गावाला हे कळलं. ते म्हणाले, ढग तुमच्या गावावर येत असेल, पण वारा आमच्याकडून वाहतो, म्हणजे ढग आधी आमच्या शिवारावरून जातो. झाली भांडणाला सुरुवात.

सरपंच मला विचारतात, "म्याडम, ढगाची हद्द कशी धरतेत? शिवेच्या दगडावरून धरतेत का?"

"ढगाला हद्द नसते हो."

"नसते कशी? जमिनीले हाय, तळ्याले हाय. तहसीलीत दरख्वास्त देऊन ठिवतो. मौजे आमचा, ढग आमचा. उद्या थे लोक पंचनामा घेऊन आले तं?"

मी अडवायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, मला अभिमानच वाटला. आकाशाकडे कुणी बघत नाही म्हणत होते ना मी? आता दोन गावं आकाशावरून भांडत होती!

सर आले तो दिवस उजाडला. काकूंच्या अंगणात मांडव. पंचायतीतला मोठा टीव्ही आणून स्टुलावर ठेवलेला. मी कॅमेरा त्या दिवसापुरता असा जोडला होता, की थांबून थांबून फोटो नाहीत, तर वरचं आकाश टीव्हीवर सलग दिसेल. पुढे सर, शेजारी सरपंच, मागे सगळं गाव, आणि एका बाजूला हाताची घडी घालून पाहणी करायला आलेली शेजारच्या गावची मंडळी. काकू सकाळपासून चुलीपुढे. पाहुण्यांसाठी पुरणपोळ्या चालल्या होत्या.

मी भाषण केलं. विमानातलं नव्हे, नवीन. वरच्या पाण्यावरची शेती, त्यावरचं आकाश, त्यात माणसाचा हात, सगळं बोलले. आवाज भरून यायचा तिथे भरून आला.

बारा वाजले. टीव्हीवर निळं आकाश.

"येईल," मी म्हणाले.

सरांनी घड्याळ बघितलं. निळं आकाश. सरांनी मांडवाबाहेर मान काढून खरं आकाश बघितलं. तेही निळं.

"सर, नजरेला नाही दिसणार. टीव्हीकडे बघा."

शेजारच्या गावचा एक जण मोठ्याने म्हणाला, "आज तुमचा ढग बाजारले गेला का?"

"गप बस बे!" सरपंच गरजले. "यायची वेळ हाय त्याची."

सर हळूच म्हणाले, "अनघा, आपण जेवून घेऊ या का?"

"सर, पाचच मिनिटं. तो येतो म्हणजे येतोच. आजवर त्याने दगा दिलेला नाही."

आणि तो आला.

आधी आकाशाच्या पूर्वेच्या कडेवरून एक हात वर आला. हिरव्या बांगड्या भरलेला, कोपरापर्यंत पिठाचा. आकाशाएवढा हात! मांडवात सगळे गार. मग त्या हातामागून एक नाक आलं. त्या काचेचा गुण असा, की जवळची वस्तू फुगून भोपळ्याएवढी दिसते. नाकामागून कपाळावरचं कुंकू आलं, सूर्याच्या दुप्पट मोठं. मग दोन डोळे खाली वाकून आम्हा सगळ्यांकडे मायेने बघू लागले. पदराचं टोक आलं, त्याने आकाश पुसलं गेलं.

आणि मग पश्चिमेकडून पूर्वेकडे, हळुवार, पांढुरका, बारीक लाटा असलेला, तळाशी लालसर रेघ असलेला माझा कापूसढग आकाशभर पसरला.

"आला!" सरपंच ओरडले. "आला ढग!"

आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या! खोटं नाही सांगत. अख्ख्या गावाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांतून कुणा म्हातारीचा आवाज आला, "थे तं रुक्मी होती व!"

टाळ्या थांबल्या.

मी टीव्हीकडे बघत उभी. मला सगळं एका क्षणात समजलं, आणि ज्या वेगाने समजलं त्या वेगाने जमीन काही फाटेना.

सर उठले आणि जिना चढू लागले. मागे मी. मागे सरपंच. मागे गाव. गच्चीवर एका बाजूला कुरडयांचं वाळवण पसरलेलं, त्यावर जुनी लुगडी झाकलेली. आणि कोपऱ्यात माझा कॅमेरा, डोक्यावरून मऊ धोतरात गुंडाळलेला, चारी कोपऱ्यांना खडे ठेवलेला. शेजारी दक्षिणेला एक कांदा.

सरांनी कांदा उचलला. "हा कशाला?"

"ऊन लागू नये म्हून," काकू म्हणाल्या. त्या अजून तिथेच होत्या, एवढं गाव आपल्या गच्चीवर का चढलं ते न कळून. "काऊन बाप्पा? सगळे माह्याकडं काऊन पाहून राह्यले?"

"काकू," मी कसंबसं म्हणाले, "तुम्ही रोज झाकता हिला?"

"मंग! होळी झाली का ऊन तापते. तान्ह्या लेकराले कोणी असं उन्हात ठिवते का? तूच तं सांगतलं व्हतं. बारा वाजले का झाकाव, ऊन उतरलं का काढाव. बाजारच्या दिशी तेवढं राहून जाते. त्या दिशी जीव लागत नाई बाजारात माहा, खरं सांगतो."

साखळी जुळली. जिनिंगचा संबंध नव्हता. गरुडही नव्हता.

तेवढ्यात गर्दीतून किसनकाका पुढे आले. लाल काठ चिमटीत धरून त्यांनी माझ्या क्षितिजावरचा धुळीचा थर वर उचलला. "अगं, हे तं माहं धोतर हाय! होळीपासून शोधून राह्यलो मी!"

"जुनं हाय थे. तुमाले काय करायचं?"

"जुनं कुठी? लग्नात नेसलो मी थे!"

"कोणाच्या? तुमच्याच ना? मंग जुनंच झालं!"

सर कठड्याकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, उन्हाने चक्कर येते आहे. चक्कर नव्हती. माणूस हसत होता, आणि आवाज बाहेर येऊ नये म्हणून रुमाल चावत होता.

शेजारच्या गावची मंडळी सरपंचांना अत्यंत आदराने सांगून गेली, की ढगावरचा हक्क आम्ही सोडला. तुमचा ढग तुम्हालाच लखलाभ. धुऊन, घडी घालून ठेवा.

जेवणं झाली. निघताना सर म्हणाले, "हे बघ, मी आज आदिलाबादला लॉजवर आहे. उद्या सकाळच्या गाडीने जातो. ज्यांना फोटो पाठवलेत त्यांना काय कळवायचं ते तू ठरव. यंत्रात बिघाड होता, असं मोघम लिहिता येतं. आणि कॅमेरे उतरवून माझ्याबरोबर द्यायचे का, तेही सकाळी सांग. मी काही बोलणार नाही."

तेवढ्यात काकूंना गावातल्या कुणीतरी सांगितलं, की तुझ्यामुळे पोरीची नोकरी गेली. त्या धावत बाहेर आल्या. हात माझ्या हातात. पीठ तसंच.

"माह्या हातानं तुहं वाटोळं झालं का माय? मी आता त्या गच्चीवर पाय ठिवनार नाई. कुरडया खाली घेतो. मशीनीले कोणी बोटबी लावनार नाई."

"काकू, असं काही नाही हो," मी म्हणाले.

मावल्याला येईपर्यंत मी एक पक्कं केलं, की कॅमेरे देऊन टाकायचे. परदेशातल्या जुन्या ठिकाणी विचारायचं. तिथे गच्चीवर कुणी येत नाही. तिथे कॅमेऱ्याला कुणी हात लावत नाही. तिथे कॅमेऱ्याची कुणाला पर्वाच नाही.

हे शेवटचं वाक्य मनात आलं आणि तिथेच अडकलं.

सकाळी उठले तेव्हा डोकं स्वच्छ होतं. संगणक उघडला आणि ज्यांना ज्यांना फोटो पाठवले होते, त्या सगळ्यांना लिहिलं: मी कळवलेला ढग हे एका गृहस्थांचं धोतर आहे. ते माझ्या कॅमेऱ्याला ऊन लागू नये म्हणून पांघरलं जात होतं. यंत्रात कोणताही बिघाड नव्हता. बिघाड शास्त्रज्ञात होता. पक्षिप्रेमी मैत्रिणीला वेगळं लिहिलं, की तिकीट रद्द कर.

मग सरांना फोन लावला. ते स्टेशनवर होते.

"सर, कॅमेरे देणार नाही."

"दाखवायला काय आहे तुझ्याकडे?"

"काही नाही. पण पावसाळ्याच्या आत म्हणाला होतात तुम्ही. पावसाळा अजून लांब आहे. आणि मी गावात राहायला जाते आहे. काकूंकडेच, गच्चीवरच्या खोलीत. कॅमेऱ्याच्या शेजारी."

पलीकडे गाडीची घोषणा चालली होती, आधी तेलुगूत, मग हिंदीत. ती संपल्यावर सर म्हणाले, "पावसाळ्याच्या आत. एक दिवस पुढे नाही." आणि फोन ठेवला.

काकूंना फोन केला. म्हटलं, कुरडया खाली आणू नका, गच्ची सोडू नका, ती मशीन तुमच्याशिवाय कुणाच्या हाती मी देणार नाही. कधी झाकायचं, कधी नाही, ते दोघी मिळून ठरवू. काकू म्हणाल्या, "ये मंग. तुह्यासाठी खोली सारवून ठिवतो."

मी बॅग भरायला घेतली. आई दारात येऊन उभी राहिली.

"कुठी निघाली?"

"गावाला, काकूंकडे. राहायला."

"इतक्या उन्हाचं? काऊन?"

मी ताठ उभी राहिले. काल जमिनीत जायला निघालेली मान वर केली आणि पूर्ण निर्धाराने सांगितलं, "आई, मी ठरवलंय. आजपासून रोज दुपारी मी स्वतः बाहेर उभी राहणार, मान वर करणार आणि आकाशाकडे बघणार."

आईने माझ्याकडे बघितलं. संगणकाकडे बघितलं. परत माझ्याकडे बघितलं.

"म्हंजे," ती म्हणाली, "एवढं शिकून आली, ते अजून केलंच नव्हतं का?"